अर्धाच नियम

पद्मजा शाळिग्राम यांची जवळजवळ सगळी नोकरी कसबा पेठेजवळच्या एका लहानशा कॉलेजात मुलींना कबड्डी शिकवण्यात गेली. कॉलेजला मैदान नव्हतं. शेजारच्या शाळेचं पटांगण सकाळी मिळायचं, शाळा भरायच्या आत सराव उरकायचा. ऐन उमेदीत गुडघा मोडून त्यांचा स्वतःचा खेळ सुटला होता, त्यामुळे एखादी मुलगी पडली की ती उठेपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा.

मुलगी तयार झाली की मात्र जायची. हिंजवडीकडची मोठी कॉलेजं फी माफ करत, हॉस्टेल देत आणि वर हातखर्च. त्याला नाव शिष्यवृत्ती. पण दुखापत झाली की तीच मुलगी आठवड्याभरात ट्रंक घेऊन रस्त्यावर.

रुमाना गेली तेव्हा बाईंना फार लागलं. शिवणकाम करणाऱ्या इम्तियाजभाईंची ही मुलगी चढाईला गेली की गुण घेतल्याशिवाय परतत नसे.

"अब्बूंना आता सुईत दोरा ओवता येत नाही, मॅडम," ती मान खाली घालून म्हणाली. "तिकडे दर महिन्याला पैसे देणार आहेत."

"जा. पण कबूल केलंय ते लिहून घे."

"लिहून कुणालाच देत नाहीत."

हे वाक्य बाईंच्या मनातून जाईना. त्यांनी कॉलेजांच्या क्रीडा समितीपुढे ठराव मांडला. खेळाडूला द्यायचं ते उघड द्यावं, त्याला मर्यादा असावी, दुखापत झाली तरी ते वर्षभर थांबवू नये. आणि या हंगामानंतर जो कॉलेज बदलेल, त्याने एक वर्ष बाहेर बसावं.

बैठकीत चर्चा चांगलीच रंगली.

"खेळण्याचे पैसे दिले की विद्यार्थी नोकर होतो," हिंजवडीकडच्या एका कॉलेजचे अवधूत सर म्हणाले.

"मग आपण देता ते काय?"

"ती शिष्यवृत्ती, मॅडम."

सगळे हसले. अध्यक्ष श्यामसुंदर यांनी चहा संपवला आणि निर्णय दिला. पैशाचा भाग उपसमितीकडे. कॉलेज बदलण्याचं कलम मंजूर, आणि तेही चालू हंगामापासूनच. मोठ्या कॉलेजांनी पाठिंब्यासाठी लगेच हात वर केले. त्यांनाही आपले खेळाडू बांधूनच हवे होते.

"अहो, एकाशिवाय दुसरं केलंत तर मुली भरडल्या जातील!" बाई उभ्या राहून म्हणाल्या.

"अर्धं तरी मिळालं ना? समितीत एवढंही कुणाला मिळत नाही. बसा आपण."

ठरावावर मांडणाऱ्याचं नाव राहिलं ते पद्मजा शाळिग्राम.

पुढच्याच महिन्यात रुमाना पटांगणाच्या फाटकाशी उभी दिसली. याच हंगामात कॉलेज बदललेलं, म्हणून नव्या नियमाने तिला बाहेर बसवलं होतं; खेळता येत नाही म्हणून हातखर्च बंद झाला होता, हॉस्टेलची खोली गेली होती. परत जुन्या कॉलेजात यावं तर तेही कॉलेज बदलणंच, म्हणजे पुन्हा एक वर्ष बाहेर. आणि तिचं हे शेवटचं वर्ष होतं.

"नियम तुम्ही आणलात, मॅडम?"

"हो."

"आमच्या भल्यासाठी?"

रुमाना चिडली नाही, रडलीही नाही. फाटक ओढून घेतलं आणि निघून गेली.

बाईंनी अर्ज केले, विद्यापीठात खेटे घातले, अध्यक्षांच्या घरी जाऊन विनवण्या केल्या. "नियम आपलाच, अपवादही आपणच मागता," एवढंच त्यांना ऐकायला मिळालं. तिकडे स्पर्धा झाल्या, विद्यापीठाचा संघ निवडला गेला. रुमानाचा विचार कुणी केला नाही.

त्या सगळ्याची धास्ती धाकट्या मुलींच्या घरच्यांनी घेतली. एकेक मुलगी सरावाला यायची बंद झाली. चढाईला सोडा, पकडीलाही माणसं पुरेनात, तेव्हा प्राचार्यांनी संघ रद्द केला आणि बाईंना परीक्षा विभागात बसवलं.

एकदा न राहवून त्यांनी रुमानाला फोन लावला. तो तिच्या आईने, बेगमने, घेतला.

"ती कंपनीत लागलीय, रिसेप्शनला. बरी आहे."

"खेळते का कुठे?"

"नाही. बूट शेजारच्या पोरीला देऊन टाकले." बेगम घुटमळली. "मॅडम, तुमचा राग नाही आम्हाला. पण तुमचं नाव निघालं की ती जेवत नाही. आता फोन नका करत जाऊ."

"बरं," पद्मजाबाई म्हणाल्या, आणि त्यानंतर त्यांनी खरंच कधी केला नाही.