मामा पियानो शिकतात

आमच्या मामेसासऱ्यांना शिकवू शकेल असा गुरू अजून जन्माला यायचा आहे. आयुष्यभर त्यांनी एपीएमसी मार्केटात आंबा विकला आणि गावच्या देवळात भजनाला पेटी वाजवली. दोन्ही विद्या आपल्याला कोणी न शिकवता आल्या, असं ते छाती फुगवून सांगतात. जुईनगरला आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावर, ते आणि मामी राहतात. गाळा मुलाच्या हवाली केला आणि थोड्याच दिवसांत घरात कीबोर्ड आणला. त्याला कीबोर्ड म्हटलेलं त्यांना खपत नाही. "पियानो हाय तो. फक्त पाय नाय त्याला."

कारण होती ऑस्ट्रेलियातली नात, लेकीची लेक. इरा तिकडे पियानो शिकते. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. "हाय आजोबा, बाय आजोबा," की पोरगी पडद्याबाहेर पसार. तिचं मराठी आईला कळेल इतकंच, मामांचं इंग्रजी बाजाराला पुरेल इतकंच. "दोन वर्सांनी ती मला वळखनार पन नाय," असं मामा एकदा जेवताना म्हणाले. मामींनी न विचारता त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. दुसऱ्याच दिवशी मामांनी ऑनलाइन क्लास लावला.

क्लास म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेले व्हिडिओ. हे मामांना सांगून पटत नाही. ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मोबाईलसमोर बसतात आणि व्हिडिओत शिकवणाऱ्या बाईंना "मॅडम, येक मिनिट थांबा" असं बजावून चष्मा शोधायला जातात. मॅडम अर्थातच थांबत नाहीत. मग परत येऊन मामा त्यांच्यावर रुसतात. धड्याच्या शेवटी मॅडम हसून "व्हेरी गुड!" म्हणतात, सगळ्या जगालाच म्हणतात, पण मामांनी ते स्वतःच्या नावावर जमा करून टाकलंय. एकदा मी म्हटलं, "मामा, सूर चुकला हो." तर म्हणाले, "मॅडम गुड बोलल्या. तू काय त्यांच्यापेक्षा शानी?"

खरा गोंधळ हातांचा. उजवा हात सुरांवर पडला, की डावा आपोआप मागे जाऊन भाता मारू लागे. पेटीची जन्माची सवय! पियानोला भाता नाही हे डोक्याला कळलं होतं, हाताला कोण सांगणार? एकदा या वाऱ्यात चहाचा कप थेट सोफ्यावर गेला. "हात हाय का पंखा?" मामी कडाडल्या. मग काही दिवस मामा डावा हात मांडीखाली दाबून बसत.

त्यातून सुटले तर बोटांत अडकले. मॅडम अंगठ्याला एक म्हणत. मामांनी उभी हयात रुमालाखाली व्यापाऱ्याची बोटं दाबून आंब्याचे भाव ठरवलेले; तिथे एक म्हणजे अंगठ्याशेजारचं बोट. त्यामुळे मॅडमनी शिकवलेलं अख्खं गाणं एक बोट सरकून वाजायचं. "मॅडम शिकलेली हाय, पन बाजार बघितलेला नाय," असा त्यांचा निकाल. शेवटी मामींनीच पट्ट्यांवर आपल्या टिकल्या चिकटवल्या, लाल उजव्या हाताला, हिरव्या डाव्या हाताला, आणि गाडी जरा रुळावर आली.

एका रविवारी त्यांनी इराला ते गाणं वाजवून दाखवलं. पडद्याबाहेर निघालेली पोरगी परत आली, पोट धरून हसली आणि शिकवायलाच बसली. "नो आजोबा! थंब! आई, थंबला काय म्हणतात? आजोबा, अंगठा!" त्या दिवसापासून कॉल लांबत गेला. अंगठा, करंगळी, हळू, परत, चुकलं असे शब्द तिने केवळ आजोबांना रागावता यावं म्हणून शिकून घेतले. आता ती शाळेतल्या गमतीही सांगते, अर्ध्या मराठीत.

परवा दुपारी मी अळूवड्या द्यायला वर गेले, तर दाराबाहेरच पाय थबकले. आत तेच गाणं चाललं होतं, दोन्ही हातांनी, कुठेही न अडखळता. मला इतका आनंद झाला की बेल न वाजवताच उघड्या दारातून आत शिरले. "मामा, जमलं की हो! रविवारी इराला दाखवा!"

मामांनी झटकन बटण बंद केलं. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला होता.

"तिला बोलू नको हां, सूनबाय," ते हळूच म्हणाले. "मागं येका रविवारी नीट वाजवलं मी. गुड बोलली आन गेली. मंग बोलायला काय ऱ्हायलंच नाय."

मी अळूवड्यांचं ताट टेबलावर ठेवलं. या माणसाची मी इतकी चेष्टा केली, आणि त्या क्षणी मला त्याच्याविषयी इतकी माया वाटली की डोळे भरून आले.

रविवारी मी मुद्दाम वर गेले. मामांनी सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीत भलतीच पट्टी दाबली. "आजोबा! करंगळी! किती वेळा सांगितलं!" तिकडून आवाज आला. मामांनी कान पकडले. इरा मोठी होईल, तिला कंटाळा येईल, हे त्यांना कळतं आणि मलाही. तोवर ते दर आठवड्याला नवी चूक शोधून ठेवतात, आणि मी शेजारी बसून "अहो मामा, पुन्हा चुकलात!" म्हणते.