ज्या मागाचा मी मालक होतो

आमच्या हिमरू शालींच्या कारखानदारानं आम्हा विणकरांना फसवलं. मालक करून फसवलं.

खंडेनवमीचा दिवस. मागांना हळद-कुंकू लावून झालं, हातावर पेढे पडले आणि त्यानं जाहीर केलं, "आजपासून ज्याचा माग त्याचा. तुम्ही आता नोकर नाही, शेठ!" आम्ही खुशीत कागदांवर सह्या ठोकल्या.

शेठ झालो, तरी उस्मानपुऱ्यातल्या त्या शेडचं कुलूप त्याचंच राहिलं. सूत त्याचं, नक्षी त्याची, भावही तोच ठरवणार. उशीर झाला की दारातच शिव्या. एकदा दौलताबादला लग्नाला जायचं म्हणून मी माझ्या मागावर चुलतभावाला बसवलं. विणण्यात तो माझ्या तोडीचा. पण कारखानदारानं त्याला हाकलून दिलं. आपल्या जागी माणूस बसवायला कुठल्या शेठला परवानगी लागते?

मी गप्प बसणारा नाही. नोकरासारखं वागवतो, तर नोकराची भरपगारी सुट्टी मागितली. दुसऱ्या दिवशी मला शेडमध्ये घेतलंच नाही. तडक कामगार कार्यालय गाठलं. तिथल्या साहेबांनी दोघांना समोर बोलावून विचारलं, "माग कुणाचा?"

"ह्यांचाच, साहेब," कारखानदार गोड आवाजात म्हणाला. "हे स्वतंत्र कारागीर. आम्ही फक्त माल घेतो."

साहेबांनी मान डोलावली. मी कधी नोकर नव्हतोच, असं ठरलं.

ठीक आहे. दुसऱ्या सकाळी मेव्हणा आणि हातगाडी घेऊन मी शेडवर गेलो आणि माग खोलायला लागलो. कारखानदार धावत आला.

"हात लावू नको! माझा माग हाय तो!"

"काल साहेबांपुढं तर माझा होता."

"वो दफ्तर की बात थी, उस्ताद. यहाँ नक्को."

मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुमचा माग लई चालू. रातोरात घर बदलतो!"

कारखानदारानं पोलीस बोलावले. माग आपला आहे आणि मी तो चोरायला आलो, असं त्यानं चौकीत लिहून दिलं. मला दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं.

आज पडेगावला माझे स्वतःचे माग चालतात, कुणाची मेहेरबानी नको. पण त्या शेडमध्ये गेलेल्या उमेदीच्या वर्षांचा हिशेब मी सोडलेला नाही. कारखानदार अजून गादीवर लोळतो, साहेब पेन्शन खातात. दोघांनी माझ्यासमोर उभं राहावं. माग माझा होता, तर मला चोर म्हणून का बसवलं? आणि त्याचा होता, तर मी त्याचा नोकर कसा नव्हतो? उत्तर द्या.