आनेरीची सव्वा मूठ

"या देवीकडून प्लेअरला मिळतं काय?" समीरने तिसऱ्यांदा विचारलं.

तो पुण्याच्या ऑफिसात, मी धुळ्यात देवपूरला, खिडकीशी लावलेल्या टेबलावर. समीर आमचा लीड डिझायनर. गेममध्ये काय राहणार आणि काय जाणार हे तो ठरवतो. माझे अकरा देव त्याने पास केले होते. बारावी आनेरी अडली होती.

मी देव बनवते असं सांगितलं की लोक हसतात. कॉम्प्युटरवर एक काल्पनिक जग असतं. खेळणारा त्यातलं एक पात्र होतो आणि सोबत्यांचं कुळ घेऊन फिरतो. तिथल्या लोकांनाही देव लागतात, सण लागतात, नवस लागतात. ते मी लिहिते. माझ्या सासूबाई शेजारणीला सांगतात, ती घरी बसून काहीतरी टाइप करते. तेही खोटं नाही.

विजेचा देव, युद्धाचा देव हे मी भाजी निवडता निवडता लिहू शकते. त्यांची पूजा केली की प्लेअरला 'बफ' मिळतो, म्हणजे थोड्या वेळापुरतं जादा बळ. आनेरी तशी नव्हती. तिचं नाव मी अनेर नदीवरून घेतलं आणि बाकी सगळं माझ्या माहेरच्या देवीवरून, कानबाईवरून, उचललं. उचललं म्हणजे उचललंच, उगाच सोवळेपणा कशाला.

कानबाई श्रावणातल्या एका रविवारी बसते, म्हणजे घरात तिची स्थापना होते. आमच्या एरंडोलच्या घरी त्याआधी रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, गहू काढतात. आबा, म्हणजे माझे वडील, पाटीसमोर बसतात आणि घरातल्या एकेकाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू टाकतात. कोणी नोकरीला सुरतेत असो, त्याचीही मूठ पडते. त्या पिठाचे रोट फक्त घरच्यांनी खायचे. त्यासाठी माणसं कुठून कुठून येतात.

गेममध्ये मी तेच केलं. प्लेअरने मुक्कामाला कुळातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ धान्य काढायचं, भाकर करायची. ज्याची मूठ पडली तो जंगलात कितीही भटकला तरी त्याला वाट परत मुक्कामाकडेच आणते.

"म्हणजे ती माणसं परत आणते," मी समीरला म्हटलं.

"फक्त परत आणते?"

"पुरेसं नाही का?"

तो म्हणाला, ठेव, पण टेस्टिंगमध्ये पडली तर काढू.

टेस्टिंग करते निदा. ती जळगावची, तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कापडाचा धंदा. आमच्या टीममध्ये खानदेशातल्या आम्ही दोघीच, म्हणून ती मला हक्काने छळते. गेम खेळून त्यातल्या चुका, म्हणजे बग, शोधायचे हे तिचं काम. आठवड्याने तिने बग टाकला. त्यापुढे लिहिलं होतं, गंभीर.

झालं असं होतं. प्लेअरच्या कुळात तारा नावाची एक तिरंदाज होती. शेजारच्या कुळाशी तह व्हावा म्हणून खेळून पाहणारे बहुतेक जण तिचं तिथे लग्न लावत. नंतर ती मदतीला येई, जुन्या सोबत्यांबरोबर लढे, आणि मुक्कामाकडे परतताना जंगलात हरवून मरे. सगळ्यांच्या गेममध्ये. प्रत्येक वेळी.

निदाने फोन केला. "ताई, लग्न झाल्यावर ताराची मूठ पडणं बंद होतं. हा बग आहे, की असंच आहे?"

मी माझं डॉक्युमेंट उघडलं. नियमांच्या तक्त्यात सातव्या ओळीत मीच लिहिलं होतं, लग्न होऊन गेलेली मोजायची नाही. कधी लिहिलं तेही आठवेना. विचार करून लिहिलेलं नव्हतंच ते. भाकरीला मीठ लागतं हे आपण मुद्दाम लिहितो का? आमच्याकडे लेकीची मूठ लग्नापर्यंतच पडते. लग्न झालं की तिला माहेरचा रोट चालत नाही.

"असंच आहे," मी म्हटलं.

"पण नव्या कुळात आनेरीला कोणी मानतच नाही. मग तारा कोणाची?"

माझ्याही सासरी कानबाई बसत नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली, नऊ वर्षांत माझ्या नावाची मूठ कुठेच पडलेली नाही. हे मी कोणाला बोलले नव्हते. बोलून करायचं काय?

समीरचा मेसेज आला. शुक्रवारपर्यंत नियमाचं कारण दे, नाहीतर देवी काढतोय. त्याच आठवड्यात आबा गहू काढणार होते. मी एक दिवसाची रजा टाकली आणि एरंडोलला गेले. कारण शोधायला जाते असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला माझी मूठ हवी होती.

आबा पाटीसमोर बसले. स्वतःचं नाव, आईचं, मग दादाचं. दादानंतर माझा नंबर असायचा. आबांचा हात सवयीने पोत्यातल्या गव्हात गेला, मूठ भरून वर आला आणि तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मूठ उघडली, गहू परत पोत्यात सोडले आणि वहिनीचं नाव घेतलं.

सगळं झाल्यावर मी आमच्या अहिराणीत विचारलं, "आबा, मनी मूठ कोठे शे?"

"पोरी, तुनी मूठ आते सासरनी शे."

"तठे कानबाई बसत नही."

आबांनी पाटीवर फडकं टाकलं. कडा खोचत म्हणाले, "नियम बठ्ठासना शे. मना एकलाना नही."

नियम सगळ्यांचा, त्यांच्या एकट्याचा नव्हे; त्यांचा मला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांचा हात नऊ वर्षांनीही चुकत होता, तेच मी परतीच्या एसटीत धुळ्यापर्यंत धरून बसले.

शुक्रवारी समीरला लिहिलं, कारण सापडलं नाही, नियम चुकला आहे. सातवी ओळ खोडली. तिथे लिहिलं, एकदा मूठ पडली की ती बंद होत नाही, माणूस कुठेही जावो. प्रोग्रॅमरला बदलायला वीस मिनिटं लागली. संध्याकाळी निदाने बग बंद केला आणि खाली लिहिलं, "ताई, तारा आली परत." समीरने आनेरी पास केली. वर, हिला आधीच असं का नाही लिहिलंस, असंही विचारलं. तेव्हापासून नवा देव लिहिला की मी आधी निदाला पाठवते. जे नियम आपण जेवणाबरोबर गिळलेले असतात ते आपल्याला दिसत नाहीत, अगदी आपल्याच ताटातून काढून घेतलेले असले तरी.

कानबाईच्या रविवारी मी एरंडोलला होते. आईने माझ्यासाठी वेगळ्या पिठाच्या पुरणपोळ्या केल्या, वेगळ्या परातीत, तूपही जास्त घातलं. पोळ्या छान झाल्या होत्या. मी तीन खाल्ल्या. पलीकडच्या पंगतीत रोट वाढत होते.