अण्णांच्या कमरेची गाठ

पावस गावी आमची विहीर दर मे महिन्यात उपसली जाई. दोर धरायला अण्णा, म्हणजे माझे थोरले काका. दोराचं टोक ते स्वतःच्या कमरेला बांधून घेत. "आंब्याच्या खोडाला बांध की," शेजारचे म्हणत. "झाडाचं काय जातंय?" असं खेकसून अण्णा गाठ आवळत. दुसरं टोक अंगाला बांधून विहिरीत उतरत ते माझे बाबा.

अण्णा मुळातच तिरसट, त्यात विनू गेल्यापासून बाबांशी कामापुरतंच बोलत. विनू त्यांचा एकुलता एक. अठ्ठ्याण्णव साली बाबांच्या स्कूटरवर मागे बसून रत्नागिरीला निघाला होता. वळणावर ट्रकच्या पुढे जायची घाई बाबांनी केली. बाबा वाचले. तरी मे उजाडला की अण्णा न बोलावता दोर घेऊन हजर!

विनू गेल्यावर तिसऱ्या वर्षी शेवाळलेल्या चिऱ्यावरून बाबांचा पाय सुटला. दोर सर्रकन धावला आणि अण्णा फरफटत कठड्यावर आदळले. पण त्यांनी दोर धरून ठेवला. आम्ही सगळ्यांनी मिळून बाबांना वर काढलं.

दुपारी पडवीत मी अण्णांच्या कमरेवरच्या वळांना तेल-हळद लावत होते. डोळ्यांत पाणी होतं माझ्या. म्हटलं, "अण्णा, देवमाणूस आहात तुम्ही."

"देवबीव नको म्हणूस गो. दोर हातात आला की दरवर्षी वाटतं, सोडावा. आजपण वाटलं. म्हणून बांधतो. तुझा बाप गेला तर मीपण जायचा."

माझा हात थांबला. मला त्यांची भीती वाटली, आणि भयंकर रागही आला.

वर्षभर ते कोणाला सांगितलं नाही. पुढचा मे आला तेव्हा बाबांना म्हटलं, "यंदा गडी बोलवूया."

बाबा म्हणाले, "दादाच्या मनात काय येतं ते मला ठाऊक आहे. आत लोंबकळताना माझ्याही मनात येतं, सोडावा त्याने."

विहिरीवर गेलो तर अण्णांनी टोक माझ्यापुढे धरलं. "गाठ तू मार, बाय. घट्ट."

मी मारली. बाबा वर येईपर्यंत मी विहिरीत डोकावले नाही, अण्णांच्या बोटांकडेच बघत होते. ती पांढरी पडली होती.

दोन हजार सहाला अण्णा गेले. त्या मे महिन्यात दोन गडी नायलॉनचा नवा दोर घेऊन आले. बाबांनी कठड्यापलीकडे एक पाय टाकला आणि मागे घेतला.

"ह्यांच्या मनात काय आहे, मला माहीत नाही," ते म्हणाले आणि पडवीत जाऊन बसले.