चेंबरवरचा अंगठा

शिळफाट्याच्या बाजारामागच्या गल्लीत कोणालाही विचारा, जुन्या गाड्यावाले सुनीलकाका कुठं राहतात? माणूस आधी हसणार आणि मग सांगणार, "ते पुढं पत्र्याच्या पडवीचं घर. पण बोलणी खायची तयारी ठेवून जा हो!" खोटं नाही सांगत कोणी. सुनील खोपोलीच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं फिटर होता. दोन वर्षांमागं स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरीच पडवीत मोडक्या मोटारसायकली उभ्या करायला बसला. गाडी घेऊन येईल त्याला तो आधी उभं करून झापायचा. "अरे, म्हैस तरी अशी पावसात बांधशील का? गाडी कुजली आणि तू पंख्याखाली लोळत होतास. लाज नाय वाटली?" समोरचा मुकाट ऐकून घ्यायचा, कारण तोंड कसंही असलं तरी सुनीलचा हात सोन्याचा होता. महिना-दीड महिन्यात तीच गाडी एका किकमध्ये सुरू व्हायची.

गेल्या दिवाळीनंतर पोशीरहून एक टेंपो आला. पुढून सहदेव उतरला आणि मागच्या फळीवर आडवी बांधलेली एक येझदी मोटारसायकल. टाकीला भोकं पडलेली, सीटचा काथ्या बाहेर आलेला, चाकांत शेण वाळून दगड झालेलं. सहदेव म्हणजे सुनीलचा लंगोटीयार. दोघं पोशीरच्या एकाच आळीतले. सुनील नोकरीपायी इकडं आला, सहदेव तिकडंच राहिला. सकाळी भाताचं बघायचं आणि दुपारी नेरळला एका सोसायटीत पाणी सोडायचं काम करायचं.

"दादाची गाडी हाय," सहदेव म्हणाला. "भिवादादा जायच्या आदी मला देऊन गेला. चालू करून दे रं. तुझ्याबिगर कुनाच्या हातात द्यायची नव्हती."

सुनीलनं नुसती मान हलवली. एक अवाक्षर नाही! सहदेव चहा पिऊन गेला तशी सुनीलची बायको, माधवी, कपबश्या उचलता उचलता म्हणाली, "आज कोरडंच सोडलंत त्याला? शिव्या संपल्या का?" मग गाडीकडं बघत थांबली. "काय हो, मला बघायला आलात तेव्हा अशीच होती ना? आमच्या आळीत मोटारसायकलवरून आलेलं पहिलं स्थळ! बाबा तर गाडी बघूनच गार झाले होते."

"तेव्हा पुष्कळ होत्या तसल्या," सुनील म्हणाला आणि पाना शोधायला लागला. पाना हातातच होता.

पुष्कळ बिष्कळ काही नव्हत्या. पोशीरच्या अख्ख्या आळीत ती एकच होती आणि ती हीच. आता सांगायचं ते सांगूनच टाकलेलं बरं. एकतीस वर्षांपूर्वी भिवाजी, म्हणजे सहदेवचा थोरला भाऊ, दोन दिवसांसाठी पाहुण्यांकडं गेला होता. गाडीची चावी भिंतीच्या खिळ्याला. सहदेवला सक्त ताकीद, हात लावायचा नाही. त्यानं लावलाही नाही, तो बिचारा दिवसभर शेतावर होता. सुनीलला मात्र त्या घरात मज्जाव नव्हता. खोपोलीला मुलगी बघायला जायचं होतं आणि एसटीतून घामाघूम होऊन उतरणं त्याला कमीपणाचं वाटलं. चावी घेतली, गाडी काढली, रुबाबात गेला. मुलगी पसंत पडली. परत येताना स्वारी हवेत होती, आणि गाडी आपटली. इंजिनाखालचं ऑईलचं चेंबर दगडावर बसून तडकलं आणि ऑईल गळायला लागलं.

तेव्हा तो नुकताच आयटीआय करून आलेला. भेगा बुजवायचं एम-सील मळून तड्यात भरलं, अंगठ्यानं दाबलं, वरून काजळी फासली, वाकलेलं पायदान ठोकून सरळ केलं आणि चावी खिळ्याला अडकवून घरी जाऊन जेवला. म्हटलं, सवडीनं सांगू. सवड कुठली आली!

भिवाजी परत आला आणि गाडी घेऊन कर्जतला गेला. वाटेत इंजिन तापलं, एम-सील अर्धं सुटलं, ऑईल सगळं वाहून गेलं. येताना गिअरबॉक्स जाम झाला, मागचं चाक जागीच अडकलं आणि भिवाजी फेकला गेला. उजवा गुडघा फुटला. तो मरेपर्यंत लंगडत चालला.

मेकॅनिकनं चेंबर बघून सांगितलं, ही गाडी आधी कोणीतरी पाडलीय आणि वरून थापलंय. घरात मागं कोण होतं? सहदेव. झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी. भिवाजीनं खाटेवर बसल्या बसल्या हातातली काठी घेऊन भर अंगणात बावीस वर्षांच्या भावाला झोडपलं. सहदेव ओरडत होता, "मी नाय रं दादा, आईची शप्पत मी नाय!" आळी जमली होती. त्यात सुनीलही होता. त्यानंच पुढं होऊन भिवाजीचा हात धरला. इथवर ठीक होतं. पण धरून तो काय म्हणाला? "जाऊ द्या भिवादादा. चुकलं त्याचं, एकडाव सोडा."

चुकलं त्याचं! सहदेवच्या जिवाभावाच्या मित्रानंच असं म्हटल्यावर कोणाला शंका राहणार? बायका म्हणाल्या, सुनील किती समजूतदार. त्या दिवशी भिवाजीनं गाडी गोठ्यात ढकलायला लावली. म्हणाला, "सहदेव ज्या दिशी खरं बोलंल त्या दिशी ही दुरुस्त करीन. तवर पडू दे." भिवाजी एकदा बोलला की बोलला. एका अंगणात दोन चुली झाल्या. दोघं भाऊ शेतात शेजारी शेजारी लावणी करायचे, पण बोलायचे कामापुरतं. सुनीलचं लग्न झालं, नोकरी लागली, घर झालं. पोशीरला गेला की दोन्ही चुलींवरचा चहा पिऊन यायचा. मूग गिळून बसायची एकदा सवय लागली की पुढं ते सोपं जातं. भिवाजी आजारी पडला तेव्हा आता सांगायचंच म्हणून मोसंबी घेऊन गेला आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत आला. तेराव्याला पोटभर जेवलासुद्धा.

अशा माणसाच्या दारात ती गाडी आली होती.

पंधरा दिवस सुनीलनं इंजिनाला हात लावला नाही. टाकी खरवडली, भोकं बुजवली, चाकांच्या तारा बदलल्या, मडगार्डं ठोकून घेतली. माधवी येता-जाता विचारायची, "इंजिन कधी उघडणार?" शेवटी उघडलं. चेंबर डिझेलच्या घमेल्यात बुडवलं, वायरब्रशनं घासलं. एकतीस वर्षांचा काळा थर गेला आणि खाली तड्यात एम-सीलचा अर्धा तुकडा चिकटलेला दिसला. त्यावर अंगठा उमटलेला होता. रेषा न् रेषा! सुनीलनं आपला अंगठा त्यावर ठेवला. आता जरा जाड झाला होता, पण बसला. आजूबाजूला कोणी नसताना त्यानं घाईघाईनं चेंबरवर फडकं टाकलं.

छिन्नीचा एक घाव घातला असता तर तुकडा उडाला असता. वर वेल्डिंग, वर पॉलिश. सहदेवला काय कळणार होतं? सुनीलनं छिन्नी घेतलीही. पण ज्या हातानं लोकांना 'लाज नाय वाटली' म्हणत बोट रोखायचं, तो हात चालेना. आणि खरं सांगायचं तर नुसती लाजच नव्हती, भीतीही होती. गाडीला रंग चढत होता आणि माधवी रोज तिच्याकडं जास्त निरखून बघत होती. उद्या सहदेवसमोरच पटकन म्हणाली, "हीच हो ती!" तर? आपण बोलायच्या आधी बायकोच्या तोंडून निघण्यापेक्षा आपणच बोललेलं बरं, असा हिशोबी विचारसुद्धा त्याच्या मनात येऊन गेला, आणि त्याचीही त्याला लाज वाटली. एकतीस वर्षांनी खरं बोलायचं, तेही धड निर्मळ मनानं नाही!

रविवारी सहदेव आला. गाडीची टाकी काळीभोर झालेली बघून खूश झाला. "आयला, दादाची गाडी वळखू येत नाय रं!"

"बस," सुनील म्हणाला. माधवी आतून आली होती, तिलाही थांब म्हणाला. मग फडकं काढलं आणि चेंबर सहदेवच्या मांडीवर ठेवलं. "हा अंगठा बघ. माझा हाय. गाडी मी पाडलेली, सहदेव. भिवादादा गावाला गेलावता तवा मी घेऊन गेलो, हिला बघायला. मीच थापलं. अन् तुला मारत व्हते तवा मीच बोललो, चुकलं त्याचं." एवढं बोलताना त्याची मान खाली गेली ती वर येईना. "मला मार. शिव्या घाल. गावात सांग, मी येतो संगती."

माधवीनं तोंडाला पदर लावला. सहदेवनं अंगठ्याच्या खुणेवर बोट फिरवलं.

"दादानं जायच्या आदी मला जवळ बोलावलं," तो म्हणाला. "बोलला, सहदेव, आता तरी खरं बोल. मी रागावनार नाय. गाडी तूच पाडलीवतीस ना? त्याचा जीव अडाकला व्हता रं. मी बोललो, हो दादा, मीच."

सुनीलनं मान वर केली. "केलं नव्हतंस तरी?"

"मंग काय करू? त्याच्या पाया पडलो, माफी मागितली. दादा लय रडला. माझा हात धरून बसला. बोलला, मी खोटा नव्हतो, मला ठावं व्हतं. अन् उशाखालची चावी काढून माझ्या हातात दिली. मंग त्यानं इचारलं, कुठं पाडलीवतीस? आता मला काय ठावं! मी बोललो, नेरळच्या पुढं, गिरनीसमोर. दादा बोलला, तिथं तर सडक सरळ हाय. तिथं कशी पडंल? अन् माज्याकडं बघत ऱ्हायला. बघत ऱ्हायला, पन परत काय इचारलं नाय. दुसऱ्या दिशी गेला. आता मी रोज तोच इचार करतो. त्याला कळलं आसंल का, मी खोटं बोललो?"

शिव्यांची तयारी सुनीलनं केली होती. मार खायचीही केली होती. हे ऐकायची केली नव्हती. त्याला वाटलं, धरणी फाटावी आणि आपण आत जावं, पण पडवीची फरशी जागची हलली नाही. सहदेवचा आवाज चढला नव्हता. डोळ्यांत रागही नव्हता, नुसता प्रश्न होता.

"तू कुठं पाडलीस रं?" त्यानं विचारलं.

"पळसदरीला," सुनील कसाबसा म्हणाला. "उतारावर. वळणावर खडी पडलीवती."

"वळनावर," सहदेव म्हणाला. त्यानं मान हलवली, जशी माणूस पटल्यावर हलवतो. "मंग बरोबर हाय. तू आदी सांगितलं आसतंस तर मी दादाला तीच जागा सांगितली आसती."