पलंगाएवढं माहेर

मावशींचं उत्तर आधी यायचं, प्रश्न मागून. उत्तर ठरलेलं असायचं: "बिलकुल न्हाई." भाजीवाल्याने भाव सांगायच्या आत, आमच्या बायकोने "मावशी, जरा" एवढं म्हणायच्या आत, उजवा हात हवेत आडवा फिरायचा आणि निकाल लागायचा. मग पाचेक मिनिटांनी त्या तेच काम निमूट करून द्यायच्या. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. नसेल, तर तुमची गल्ली अजून नवी आहे असं समजा.

जुन्या जालन्यात आमच्या भिंतीला भिंत लागून दोन खोल्यांत त्या भाड्याने राहायच्या. नवरा कापडाच्या दुकानात कामाला होता, तो लवकर गेला. एकुलती एक लेक, ती बदनापूरला दिलेली. पुढे घरमालकाने त्या जागेवर दुकानांचे गाळे काढायचं ठरवलं आणि सत्तरी ओलांडलेल्या मावशींना खोल्या सोडाव्या लागणार हे नक्की झालं.

लेक रडतच आली. जावई भला माणूस, शाळेत मास्तर. त्याने घरातली पुढची खोली मोकळी करून तिला रंगही देऊन घेतला होता. मावशी म्हणाल्या, बिलकुल न्हाई. या वेळी पाच मिनिटांनी काय, पाच दिवसांनीही बदल झाला नाही. त्या आधी धावड्याला पुतण्याकडे राहून आल्या. "तिथं मी पाव्हणी बी न्हाई अन् घरची बी न्हाई," एवढंच बोलल्या. मग होतं ते थोडं सोनं मोडलं आणि शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात स्वतःच जाऊन नाव घालून आल्या.

त्यांची समजूत काढायला गल्लीने मला पाठवलं. आमच्या नातेवाइकांत मी बोलण्यात पटाईत समजला जातो. म्हणजे लग्नकार्यात जुन्या गोष्टी सांगायला मला पुढे करतात आणि पंगत बसली की गप्प करतात. मी बराच वेळ बोललो. लेक-जावयाचा जीव, आश्रमातलं परकं अन्न, लोक काय म्हणतील, सगळं झालं. मावशी शेंगा सोलत ऐकत होत्या. सुपातल्या शेंगा संपल्यावर म्हणाल्या,

"लेकरा, मी तिच्याच घरी जाऊन राह्यले, तर पंचमीला तिनं जायचं कुठं?"

हे लेकरू पन्नाशीचं, ढेरी सुटलेलं, केसांना रंग लावणारं. त्याने खाली पडलेली टरफलं गोळा करायला घेतली.

"बाईला माहेर पाहिजे. एक पलंग का आसंना. मी हाय तवर तिचं माहेर मोडू देणार न्हाई."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं की मावशींचं बराबर आहे. ती म्हणाली, तुम्हाला पटवायला पाठवलं होतं, पटवून घ्यायला नाही.

आश्रमात एक लांब हॉल होता. ओळीने लोखंडी पलंग, प्रत्येकीला एक कपाट. तिथे आईबापांना सोडायला आलेली माणसं बोलताना फरशीकडे बघतात. मावशींनी मात्र कपाट लावून झाल्यावर लेकीला बजावलं, "पंचमीला मुराळी पाठवते. तयार राहा."

आमच्याकडे नागपंचमीला लेकी माहेरी येतात आणि त्यांना आणायला भाऊ जातो, तो मुराळी. लेकीला भाऊ नव्हता, म्हणून मुराळी मी झालो. स्कूटरवर, डोक्यात हेल्मेट. जावयाने मानाने पाटावर बसवलं आणि उठायच्या वेळी हात धरून त्यानेच उठवलं.

त्या पहिल्या पंचमीला मावशींनी आश्रम डोक्यावर घेतला होता. पंचमीला तवा ठेवत नाहीत. स्वयंपाकीण पोळ्या करणार म्हणाली, म्हणून मावशी आदल्या दिवसापासून तिच्याशी भांडत होत्या. शेवटी साऱ्या हॉलसाठी पुरणाचे दिंड उकडले. बांगड्यावाली बोलावून ठेवली होती. ज्यांच्याकडे कुणी आलं नव्हतं अशा सगळ्या म्हाताऱ्या लेकीच्या हातावर मेंदी काढायला जमल्या. एकीचा हात थरथरायचा. मेंदी मनगटाच्या वर पसरत गेली. लेकीने ती पुसली नाही.

संध्याकाळी घंटा झाली. भेटायला आलेल्यांनी निघायचं.

मावशींना लेकीचा एक मुक्काम हवा होता. माहेरी आलेली लेक दिवस मावळता परत जाते का, असं त्यांनी व्यवस्थापकांना विचारलं. ते म्हणाले, नियम आहे. मग मी त्यांच्याशी भांडायला कार्यालयात गेलो आणि हॉलसाठी एक पंखा द्यायचं कबूल करून बाहेर आलो. मुक्काम काही मिळाला नाही. मावशींनी फाटकाशीच साडीची पिशवी लेकीच्या हातात देऊन तिची बोळवण केली. आमची स्कूटर वळेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या.

अशा काही पंचम्या गेल्या. दर वर्षी दिंड, मेंदी, घंटा आणि फाटक.

मग न्हाणीत त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर उठून बसायलाही दुसरं माणूस लागू लागलं. ज्यांना स्वतःचं स्वतः करता येत नाही त्यांना आश्रमात ठेवत नाहीत; हाही एक नियम. व्यवस्थापक वाईट माणूस नव्हते. सांगताना चष्मा काढून पुन्हा पुन्हा पुसत होते. दवाखान्यातून मावशींना सरळ बदनापूरला नेलं, त्या रंगवलेल्या खोलीत.

लेकीने काही कमी केलं नाही. पण मावशी आता सगळ्याला हो म्हणू लागल्या. चहा देऊ? चालंल. खिडकी लावू? चालंल. कूस बदलायची का? चालंल, तुमच्या सवडीनं. पोटच्या लेकीला त्या 'तुमच्या' म्हणत होत्या. मी आणि बायको त्यांना बघून परत आलो. घरी आल्यावर ती म्हणाली, एकदा तरी बिलकुल न्हाई म्हणायला पाहिजे होतं त्यांनी.

पंचमी आली. मावशींची ती शेवटची. सकाळीच लेकीचा फोन आला.

"दादा, या वर्षी बी या मला न्यायला."

मी विचारलं, कुठे न्यायचं? ती म्हणाली, या तर खरं.

गेलो. इस्त्रीची साडी नेसून, पिशवी भरून ती तयार होती. आईच्या खोलीत डोकावून म्हणाली, माहेरी जाते गं, आणि माझ्या मागे बसली. स्टेशनपर्यंत गेलो. तिने एका दुकानात बांगड्या भरून घेतल्या. मग म्हणाली, चला. आम्ही तिच्याच दारात परत आलो. पिशवी हातात घेऊन ती आईच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहिली.

"आई, आले गं."

मला वाटलं मावशी हसतील. ही गोष्ट पुढच्या लग्नात कशी रंगवायची तेही मी मनात जुळवायला लागलो होतो.

मावशींनी तिच्याकडे पाहिलं, हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मग पलंगाची कड थोपटली. लेक येऊन बसली, तसा त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"दमलीस?"

"न्हाई."

"आज इथंच नीज. माझ्यापाशी."

लेकीने मान डोलावली. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे.

"त्याला चहा पाहिजे आसंल," त्या हळूच म्हणाल्या. "माझं घर आस्तं, तर तुला उठू दिलं नस्तं."

मी चहा नको म्हणालो. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. लेकीने पिशवी पलंगाखाली सारली, नव्या बांगड्या वर सारल्या आणि चहा टाकायला आत गेली.