झेंडूच्या चार सऱ्या

आमच्या कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाले मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर चिकटवतात. आत फोटो काढायला बंदी आहे. पहिली शिफ्ट सुटली की बाहेर येऊन मी ते नखानं खरवडून काढते, पण थोडा डिंक मागे राहतोच. म्हणून अण्णांना पाठवलेला पहिला फोटो धूसर आला होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, नगरपालिकेच्या बागेत त्यांचा जन्म माळीकामात गेला. रिटायर होऊन थोडे दिवस झाले होते, तेवढ्यात उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालायला लागले आणि बोलणं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, "आवाज शाबूत आहे. शब्द सापडत नाहीयेत. त्यांना बोलतं ठेवा."

भाऊ आणि वहिनी त्यांचं सगळं करत होते. मी इकडे कारखान्यांच्या पट्ट्यात, कुरुळीत, भाड्याच्या एका खोलीत. नवऱ्याची शिफ्ट वेगळी, माझी वेगळी. संध्याकाळी फोन केला की भाऊ मोबाइल अण्णांच्या कानाशी धरायचा. "जेवलात का? गोळ्या घेतल्या का?" एवढं विचारून झालं की माझंही बोलणं संपायचं. तिकडून नुसता श्वास ऐकू यायचा. मी फायनल इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर ट्यूबलाइटखाली पार्टवरचे ओरखडे शोधायचे. त्यातलं त्यांना काय सांगणार?

गणपती उठले त्या आठवड्यातली गोष्ट. कंपनीची बस फाट्यावर सोडते. तिथून खोलीवर यायला एका कारखान्याच्या भिंतीच्या कडेनं पायवाट आहे आणि पायवाटेच्या दुसऱ्या बाजूला शेत. त्या दिवशी शेतात झेंडू दिसला. गुडघ्याएवढी रोपं, आणि प्रत्येकाच्या टोकाला एकेक हिरवी कळी. मला अण्णांची बाग आठवली. मी मोबाइल काढला, फोटो काढला आणि भावाला पाठवून दिला. खाली लिहिलं, 'अण्णांना दाखव.'

तासाभरात भावाचा फोन आला. "अगं, अण्णा बोलले! फोटो बघितला अन् 'खु, खु' करायला लागले. खुर्ची मागायलेत म्हणून मी खुर्ची आणून दिली, तर माझ्यावरच चिडले. आता डाव्या हातानं सारखं मोबाइलवर बोट मारायलेत."

मी म्हटलं, "फोन त्यांच्या कानाला लाव." झेंडूला कळी दिसली की बागेत ते हेच ओरडायचे. मी विचारलं, "अण्णा, खुडा म्हणताय का? शेंडा खुडा?"

पलीकडून मोठा श्वास आला. मग अगदी स्पष्ट, "खुड."

मी खोलीच्या उंबऱ्यातच बसून रडले. साडेतीन महिन्यांनी आलेला तो पहिला शब्द होता.

दुसऱ्या दिवशी डिंक नीट पुसून मी परत तिथे गेले आणि वाकून जवळून फोटो काढायला लागले, तर मागून खणखणीत आवाज आला.

"कोन हाय गं तू? कुनाच्या वतीनं फोटू काढतीस? आमाला जमीन इकायची न्हाई. जा, सांग तुज्या एजंटला."

कमरेला पदर खोचलेली, हातात विळा घेतलेली एक बाई बांधावर उभी होती. सगळे केस पांढरे, पण पाठ ताठ. आमच्या भागात शेताचे फोटो काढणारा माणूस म्हणजे प्लॉटिंगवालाच, हे मला कळायला हवं होतं. मी घाईघाईनं मोबाइल पुढे केला, अण्णांची सगळी हकीकत सांगितली आणि भावानं पाठवलेला त्यांचा फोटोही दाखवला. तिनं तो बराच वेळ पाहिला.

"मंग काय म्हनतायत तुजे वडील?"

"शेंडे खुडा म्हणतात. म्हणजे फुटवे जास्त येतील."

"ते मला न्हाई ठावं व्हय?" ती म्हणाली. "पन आता खुडलं तर दसऱ्याला फुलं कुठनं यायची? येळ गेली ती."

मी तिथूनच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. अण्णांनी खूप धडपड केली. "दि... दि..." आणि मग, "दिवाळी."

ती हसली. "बरं, तुमचं ऐकते. पन चारच सऱ्या बरं का. बाकीच्याला हात लावायची न्हाई." आणि तिनं खरंच भिंतीकडच्या चार सऱ्यांचे शेंडे खुडले. एकेक शेंडा मोडताना मला म्हणाली, "काढ की फोटू. बघू दे त्यास्नी."

तेव्हापासून मी तिला मावशी म्हणायला लागले आणि रोज एक फोटो पाठवायला लागले. बांधावरचा तेरडा आणि कुर्डू, भरलेली बाजरीची कणसं, नंतर कापणी झाल्यावर उभे राहिलेले नुसते बुडखे. सुट्टीच्या दिवशी बसनं शहरातल्या एका बागेत जाऊन मी कर्दळीचे आणि मेंदीच्या कुंपणाचे फोटो काढले. ते बघून अण्णा म्हणाले, "वाकडं." दोन दिवसांनी दोन शब्द झाले, "दोरी लाव." म्हणजे दोरी ताणून सरळ रेषेत काप. बागेतल्या माळ्याला हे सांगायची माझी काही हिंमत झाली नाही. मला स्वतःला त्या कुंपणात काही वाकडं दिसत नव्हतं. पार्टवरचा केसाएवढा ओरखडा मी पकडते, पण रोप बघायला मला अण्णांनीच शिकवलं, तेही आता, एकेका शब्दानं. लहानपणी बागेत त्यांच्या मागे फिरताना माझं लक्ष झोपाळ्याकडे असायचं.

दसऱ्याच्या आदल्या दोन दिवसांत परतीचा पाऊस कोसळला. मी छत्री घेऊन गेले तेव्हा मावशी चिखलात उभी होती. उमललेली फुलं पाणी पिऊन जड झाली होती, माना टाकून पडली होती, पाकळ्यांच्या बुडाशी काळं पडायला लागलं होतं. मी मोबाइल पिशवीतच ठेवला.

"काढ," ती म्हणाली. "चांगलंच तेवढं दावायचं व्हय त्यास्नी? ते माळी हायत."

मी फोटो पाठवला. त्या दिवशी अण्णांनी स्वतः फोन मागितला आणि तिच्याशी बोलायचं म्हणाले. मी स्पीकर लावला. एकेक शब्द ओढत ते म्हणाले, "पोरी. रडू नको. खुडलेलं. बघ."

भिंतीकडच्या चार सऱ्या बुटक्या, गच्च फुटलेल्या आणि सगळ्या कळीतच होत्या. त्यांना पावसानं काही केलं नव्हतं. मावशीनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "ऱ्हायल्या की वो."

दिवाळीत त्या चार सऱ्या अशा फुलल्या की पायवाटेवरून जाणारे कंपनीतले लोक थांबून सेल्फी घ्यायचे. बाकीच्या शेताचं नुकसान त्यानं भरून निघालं असं नाही. पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मावशीनं टोपलीभर फुलं माझ्या खोलीवर आणून दिली. पैसे विचारले तर म्हणाली, "गप बस." आमच्या एका खोलीला तोरण पुरून फुलं उरली, ती मी चाळीतल्या सगळ्यांना वाटली.

कुरुळीत राहून मला बरीच वर्षं झाली होती, पण हे आपलं गाव आहे असं कधी वाटलं नव्हतं. त्या शरदात वाटलं. भाऊ रोज न कंटाळता मोबाइल धरून बसला. त्या बाईनं अनोळखी पोरीला शेतात येऊ दिलं आणि फोनवरच्या आजारी माणसाला वाद घालू दिला. या दोघांचे उपकार कसे मानायचे ते मला अजून कळलेलं नाही. अण्णा आता वाक्यं बोलतात. 'र' गिळतात, चिडले की अडखळतात, पण बोलतात.

दिवाळीनंतर ते म्हणाले, "फुलं खूप झाली. त्या पोरीचा फोटो पाठव." मावशी आधी तयार होईना. मग तोंड धुऊन, पदर डोक्यावर घेऊन झेंडूत उभी राहिली. फोटो पोचला आणि पाचच मिनिटांत अण्णांचा फोन आला, आवाज एकदम ओशाळलेला.

"अगं, या तर माझ्याहून मोठ्या! मी यांना पोरी, अगं, काय काय म्हणत बसलो. दे त्यांना फोन." आणि स्पीकरवर आल्यावर म्हणाले, "आक्का, चुकलं. माफ करा."

मावशी खळखळून हसली. मग शेताकडे बघत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वो. म्हना की पोरी. मला पोरी म्हननारं आता कोन ऱ्हायलंय?"

अण्णा घसा खाकरून म्हणाले, "बरं. मग ऐक पोरी. बी धरायचं असेल तर मधली फुलं तोडू नको. झाडावरच वाळू दे."

"व्हय," मावशी म्हणाली. "सांगा."

मी मोबाइल मावशीजवळ बांधावर ठेवला आणि पाणी आणायला विहिरीकडे गेले.